शिकवण एक होईपर्यंत थांबायचं का?

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना कोल्हापुरातल्या सगळ्या पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी (चर्चांनी) मिळून करावी की नाही, यावर आपल्यात जे बोललं जातं ते ऐकून वाईट वाटतं. मतभेद आहेत याचं वाईट वाटत नाही, ते ज्या तऱ्हेने मांडले जातात त्याचं वाटतं. एक बाजू म्हणते, 'आमची शिकवण वेगळी, त्यांची वेगळी; मग शेजारी बसून एक असल्याचं सोंग कशाला?' दुसरी म्हणते, 'शिकवणीचं काय घेऊन बसलात, प्रेम असलं की झालं.' पहिल्यांनी एकीला घातलेली अट प्रभूच्या दुसऱ्या येण्यापर्यंत पुरी व्हायची नाही. दुसरे, ज्या गोष्टींपायी आपल्या पूर्वजांनी घरदार आणि भावकी सोडली, त्या एका वाक्यात मोडीत काढतात. मला दोघांचंही पटत नाही. शिकवणीतले भेद खरे आहेत; ते झाकू नयेत, त्यांवर कडकडून वाद घालावा. पण वाद घालणारे आपण एकाच प्रभूचे आहोत हे आधी मान्य करावं, आणि ते मान्य करायला प्रत्येक कलमावर एकमत लागत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो: कोल्हापुरात आपल्याला एकमेकांपासून जे तोडतं, त्यात शिकवणीचा वाटा आपण सांगतो त्याहून फार कमी आहे.

आपण प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, काँग्रिगेशनल अशा निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांचे झालो कसे, ते जरा आठवू या. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचं काम पुढे अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं, म्हणून इथल्या मंडळ्या प्रेस्बिटेरियन. अहमदनगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होतं, त्याची रीत काँग्रिगेशनल. तेच मिशन पुढे साताऱ्याकडे आणि वाईकडे पोचलं, म्हणून तिकडच्या मंडळ्या काँग्रिगेशनल. मिशनांनी बहुतेक ठिकाणी आपसात मुलूख वाटून घेतले होते. आपल्या पणजोबांनी कॅल्व्हिन आणि वेस्ली या दोन्ही पंथप्रवर्तकांना वाचून, तोलून, त्यांतला एक निवडला नव्हता. त्यांनी ख्रिस्त निवडला, आणि त्याची जबर किंमत मोजली. पंथ मात्र त्यांना मुलुखाबरोबर मिळाला. तेच पणजोबा वाईला जन्मले असते तर काँग्रिगेशनल झाले असते, आजऱ्याकडच्या एखाद्या कॅथलिक घरात जन्मले असते तर मिस्सेला गेले असते. यावरून कुठली शिकवण खोटी ठरत नाही. वारशाने आलेली गोष्टही खरी असू शकते. पण ज्या भिंती आपण बांधल्या नाहीत, ज्या बांधताना आपल्याला कुणी विचारलंही नाही, त्यांच्या राखणीसाठी आपण बांधणाऱ्यांपेक्षा कडवे का व्हावं? १९१९ साली तामिळनाडूतल्या त्रांकेबारला जमलेल्या भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्यांनी हेच म्हटलं होतं: या फुटी आम्ही पाडलेल्या नाहीत, त्या बाहेरून आमच्यावर लादल्या गेल्या आणि त्या चालू ठेवण्याची आमची इच्छा नाही. त्या बैठकीत पुढाकार घेणारे बिशप अझरिया १९२७ मध्ये लोझानच्या परिषदेत म्हणाले की, ख्रिस्ती देशांत ही फूट दुबळेपणा असेल, आमच्याकडे ती पाप आहे. त्या दोन-तीन डझन माणसांच्या धडपडीतून २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया हे एकत्रित चर्च उभं राहिलं. देश दुभंगला त्यानंतर दीड महिनाही उलटला नव्हता.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो बाप्तिस्म्याचा आहे, आणि तो हलका नाही. बॅप्टिस्ट आणि पेन्टेकॉस्टल मंडळींचं म्हणणं, बाप्तिस्मा विश्वास ठेवणाऱ्याचा. तान्ह्या मुलाला विश्वास कसला? प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, मेथडिस्ट आणि कॅथलिक म्हणतात, कृपा आधी येते, विश्वास तिच्या सावलीत वाढतो, आणि देवाच्या कराराला वयाची अट नाही. दोन्हीकडे शास्त्रवचनं आहेत, दोन्हीकडे शतकांची साक्ष आहे. आणि तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाला तिशीत पुन्हा नदीत उतरवलं, की त्याच्या आईबापांनी मंडळीसमोर डोळ्यांत पाणी आणून जे केलं ते काहीच नव्हतं, असं सांगितल्यासारखं होतं. 'प्रेम असलं की झालं' म्हणणाऱ्याकडे याचं उत्तर नाही. प्रभुभोजनाचंही, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचंही तेच. कॅथलिक धर्मगुरू आपल्या वेदीवरून प्रत्येकाला ख्रिस्तप्रसाद देत नाहीत. त्यात तुसडेपणा नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते घेणं ही पूर्ण ऐक्याची खूण आहे, आणि ते ऐक्य अजून झालेलं नाही. हा नियम मला सलतो. पण तो प्रामाणिक आहे, हे मी नाकारणार नाही.

मग भेद इतके खरे असताना एकी कशी? इथे इतिहास बघावा. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरा कलमं होती. चौदांवर एकमत झालं. पंधराव्यातही बरंचसं जुळलं. अडलं ते इतक्यावरच की प्रभुभोजनात ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की नाही. ल्यूथरने 'हे माझं शरीर आहे' हे शब्द खडूने मेजावर लिहिले आणि तिथून तो हलला नाही. जुळलेल्या चौदा कलमांना कुणी विचारलं नाही, अडलेल्या एकाने पुढचा इतिहास ठरवला. युरोपातल्या ल्यूथरन आणि (झ्विंग्ली-कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) रिफॉर्म्ड मंडळ्यांनी एकमेकांचं प्रभुभोजन आणि पाळकपद मान्य केलं ते १९७३ च्या लॉइनबर्ग करारात, म्हणजे ४४४ वर्षांनी. तेव्हा तरी कुणी आपलं मत सोडलं का? नाही. सोळाव्या शतकात आपण एकमेकांना दिलेले दोष समोरच्याच्या आजच्या शिकवणीला लागू पडत नाहीत, एवढंच त्यांनी मान्य केलं. मला विचारायचंय ते हे: जे १९७३ ला म्हणता आलं, ते १५२९ ला म्हणणं खरंच अशक्य होतं का? आणि मध्ये ज्या पिढ्या एकमेकांच्या देवळाकडे पाठ फिरवून जगल्या आणि मेल्या, त्यांनी कुठलं सत्य राखलं जे करारानंतर गमावलं?

हा एकच दाखला नाही. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपलने एकमेकांवर घातलेले बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ रोजी रोमचे पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क (धर्मप्रमुख) अथेनागोरस यांनी मागे घेतले. दोन्ही चर्चेसची शिकवण त्या दिवशी काडीमात्र बदलली नाही. प्रभुभोजन अजूनही एक नाही. पण शाप थांबला, आणि शाप थांबल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात धर्मसुधारणा पेटली आणि प्रोटेस्टंट कॅथलिकांपासून वेगळे झाले तो प्रश्न, म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने की कर्मांनी, यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त निवेदनावर सही केली. तारीख मुद्दाम निवडलेली होती, धर्मसुधारणेच्या वर्धापनदिनाची. मेथडिस्टांनी २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनी २०१७ मध्ये त्याला संमती दिली. आपल्याकडे मात्र अजून रविवारशाळेत मुलांना सांगितलं जातं की कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात. जिथे भांडण सुरू झालं तिथे ते बरंचसं मिटलं, आणि इथे आपण ते जपून ठेवलंय.

अर्थात एकीच्या नावाखाली जुलूमही झालाय, हेही सांगायला हवं. १८१७ साली प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्या फर्मानाने एक केल्या आणि पुढे सगळ्यांवर एकच उपासनापद्धती लादली. ज्यांचा विवेक ते मानेना अशा पाळकांना तुरुंगात टाकलं. शेकडो कुटुंबं जहाजांत बसून ऑस्ट्रेलियाला आणि अमेरिकेला निघून गेली. 'शिकवणीचं काय घेऊन बसलात' हे वाक्य राजाच्या तोंडी आलं की काय होतं, ते या माणसांना विचारावं. म्हणून भेद पुसून केलेल्या एकीची मला भीती वाटते. जो माझा बाप्तिस्मा चुकीचा आहे असं तोंडावर सांगतो आणि तरी माझ्याबरोबर प्रार्थनेला बसतो, तो मला जास्त जवळचा.

आपल्या उत्तर भारतातल्या एकीकरणाकडे बोट दाखवून कुणी म्हणेल, ते करून काय मिळालं? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनलांचं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेतल्या मेथडिस्टांनी ऐन वेळी माघार घेतली. त्यानंतर जमिनींचे खटले सुरू झाले ते अजून संपलेले नाहीत. २०१३ मध्ये गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विलीनीकरणाचा ठराव झाला एवढ्यावरून ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. टीका करणारे म्हणतात, सहाचं एक करायला गेलात आणि भांडणं वाढवून ठेवलीत. हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. पण नीट बघा, मोडलं काय आणि टिकलं काय. त्या सहांत तान्ह्यांचा बाप्तिस्मा मानणारे होते आणि न मानणारेही होते. घटनेत दोन्ही पद्धतींना जागा दिली गेली, आणि पन्नासहून अधिक वर्षं त्या एका छताखाली नांदतायत. सगळ्यात अवघड वाटलेली गाठ सुटली. कोर्टात गेली ती जमीन, भाडं, ट्रस्टी कोण आणि सही कुणाची. या अनुभवातून शिकायचं तर हे शिकावं, की एकीचा पाया मालमत्तेवर घालू नये. शिकवण आड येते असं त्यातून दिसत नाही.

एकी म्हणजे एकच संस्था, एकच बिशप, एकच बँक खातं, हे समीकरण आधी सोडायला हवं. आपल्याच शहरातली गोष्ट आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा मुलांसाठी वेगवेगळी वसतिगृहं उभी करायला मदत केली. जातवार वसतिगृहांनी भेद वाढतील अशी टीका तेव्हाही झाली. मुलं राहायला, जेवायला वेगळी होती, आणि शिकायला राजाराम कॉलेजात एकत्र होती. हा दाखला आपल्याला तंतोतंत लागू पडत नाही, जात आणि पंथ एक नव्हेत. पण निरनिराळी घरं ठेवून एका कामाला लागता येतं, हे कोल्हापूरला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

आणि आता ज्याबद्दल आपण मोठ्याने बोलत नाही, त्याबद्दल. काही वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईंच्या मातीला गेलो होतो. बाई जुन्या मंडळीच्या. मुलगा एका फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्या स्वतंत्र मंडळीत, जाणारा, सून आजऱ्याकडची कॅथलिक. अंगणात पेटी ठेवलेली, मे महिन्याचं ऊन, फुलं करपायला लागलेली, आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीतले दोघे आत एक वही उघडून बसलेले. मला वाटलं, मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही यावरून अडलं असेल, किंवा झगा घालणारा पाळक आणि न घालणारा पाळक एका कबरीपाशी उभे राहतील का यावरून. तसलं काही नव्हतं. बाईंची वर्गणी थकली होती, आणि मुलगा 'तिकडे' जात असल्यामुळे त्यांचं नाव यादीत ठेवायचं की नाही हे ठरत नव्हतं. तोवर बायका ओसरीवर बसून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणत होत्या, पुस्तकाशिवाय, एकामागून एक. सून त्यांच्यातच बसली होती, हातात जपमाळ, आणि तिलाही अर्धीअधिक पाठ होती. शेवटी मुलाने थकबाकी भरली आणि माती झाली. त्या वहीत त्र्यैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) नव्हतं, प्रभुभोजन नव्हतं, बाप्तिस्मा नव्हता. वर्गणी होती, आणि मतदारयादी होती.

हे एका मंडळीचं दुखणं नाही. पंचकमिटीच्या निवडणुकीत जे गट पडतात ते कुठल्या मतांगीकारावरून (श्रद्धेच्या कबुलीवरून) पडतात? लग्न जुळवताना पूर्वाश्रमीची जात कुजबुजत विचारली जाते, ती कुठल्या शास्त्रवचनाच्या आधारे? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या. त्या प्रेस्बिटेरियनाला नाकारल्या, कॅथलिकाला नाकारल्या, पेन्टेकॉस्टललाही नाकारल्या. शासनाने पंथ विचारला नाही. मग हे दुखणं सगळ्यांचं असताना आपण त्यावर एकत्र बसत नाही, ते शिकवणीमुळे? शिकवणीचं नाव सोज्ज्वळ असतं म्हणून आपण ते पुढे करतो. खरं कारण सांगायला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी. नव्या करारात करिंथ शहराच्या मंडळीत 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा', 'मी केफाचा' अशी भांडणं लागली तेव्हा प्रेषित पौलाने कोणाची शिकवण बरोबर याचा निवाडा दिला नाही. ख्रिस्ताचे तुकडे झालेत का, एवढंच विचारलं.

मराठी ख्रिस्ती परंपरेत याचं उत्तर देऊन गेलेली माणसं आहेत, आणि त्यांना आपण फक्त जयंत्यांना आठवतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, अँग्लिकन चर्चमध्ये झाला. त्र्यैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत त्या आपल्या शिक्षिकांशी निर्भीडपणे वाद घालत राहिल्या. परदेशात इतके पंथ आणि त्यांच्या इतक्या परस्परविरोधी शिकवणी पाहून आपण किती गोंधळलो, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या गोंधळातून त्यांनी शिकवण फेकून दिली नाही. उलट मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसल्या. आणि केडगावच्या मुक्ती मिशनला त्यांनी एका पंथाची पाटी लावली नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. त्यांची सगळी मतं आपण घ्यावीत असं मी म्हणत नाही. दरबाराच्या कल्पनेवर मला स्वतःला काही आक्षेप आहेत. पण काँग्रिगेशनल मिशनमध्ये वावरलेल्या या माणसाची गीतं प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, मेथडिस्ट सगळे गातात. जे आपण एका सुरात देवापुढे म्हणतो ती शिकवण नव्हे काय?

एक आक्षेप उरतो, आणि तो जुन्या मंडळ्यांचा आहे: नवीन फेलोशिपवाले आमची मेंढरं पळवतात, त्यांच्याशी एकी कसली? तक्रार खरी आहे. पण मेंढरं का जातात हेही विचारावं लागेल. जिथे आजाऱ्याच्या उशाशी बसून तासभर प्रार्थना होते तिकडे माणूस जातो, आणि जिथे वही उघडली जाते तिकडून निघतो. फेलोशिपच्या पाळकांनाही माझं सांगणं आहे. पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा, मग तो कुठल्याही मंडळीत झालेला असो, कॅथलिक चर्च मान्य करतं. त्याच चर्चच्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या आदेशात आपल्याला वेगळे झालेले बंधू म्हटलंय. रोमला जे मान्य करता येतं ते शेजारच्या गल्लीतल्या मंडळीला मान्य करता येऊ नये? तुम्हाला तान्ह्याचा बाप्तिस्मा अपुरा वाटत असेल तर तसं शिकवा, आपल्या मुलांचा करू नका. पण ज्याचा झालाय त्याला अख्रिस्ती ठरवू नका.

उत्तम शुक्रवारची उपासना तर या सगळ्यात सोपी गोष्ट आहे. बारा ते तीनच्या त्या उपासनेत प्रभुभोजनाचा प्रश्नच येत नाही. वधस्तंभावरचे सात उद्गार, सात प्रवचनं. सात मंडळ्यांतले सात जण बोलले तर कुणाच्या शिकवणीला धक्का लागतो? अवघड कामं त्यानंतरची आहेत. कुणाचीही माती वर्गणीसाठी किंवा पंथासाठी अडणार नाही, असं शहरातल्या सगळ्या मंडळ्यांनी लेखी ठरवावं. एका मंडळीतून दुसरीत जाणाऱ्याला आधीच्या पाळकाचं पत्र मिळावं आणि नव्या पाळकाने ते मागावं. १८ ते २५ जानेवारी हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा जगभर पाळला जातो. तो इथे फक्त पाळकांनी हार घालून फोटो काढण्यापुरता नसावा. या कामांसाठी ट्रस्ट नको, निधी नको, अध्यक्षपद तर मुळीच नको. आणि ईस्टर झाल्यावर बाप्तिस्म्यावर उघड चर्चा ठेवावी, दोन्ही बाजूंची, पवित्र शास्त्र समोर ठेवून, मंडळीतल्या पोरापोरींदेखत. तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याच्या बाजूने बोलायला मी येतो. पलीकडून त्यांचा सर्वांत अभ्यासू माणूस यावा.